काठोकाठ

नारिनच्या टॅक्सीतळावर ड्रायव्हरने विचारलं,
"आणखी कोण येतंय?"
कोणी नाही, म्हटलं.
तो थांबूनच राहिला.
बाई म्हटली की मागून कोणीतरी येतंच,
पोर घेऊन, पिशवी घेऊन,
निदान एखादा दीर तरी, सोडायला.
त्याने माझ्या मागे पाहिलं.
मागे एक कुत्रं होतं, तेही माझं नव्हतं.

बावन्न वर्षांची आहे मी.
त्यातली एकतीस दूध कारखान्याच्या हिशेबवहीत गेली.
दुसऱ्यांचे प्रवासभत्ते मी तपासले:
कोण कुठे गेला, किती रात्री राहिला,
पावती जोडलीय का.
माझ्या नावाची पावती
त्या कपाटात एकही नाही.

मला वाटायचं, धीर आधी येत असेल,
पासपोर्टसारखा,
खिडकीतून, शिक्का मारलेला.
वाट पाहिली.
आधी झामीराची शाळा, मग सासूचा गुडघा,
मग नवऱ्याच्या वर्षाचं जेवण,
मग मेंढ्या, मग बर्फ.
शेवटी एका मंगळवारी आली ती नुसती चीड.
भांडी घासता घासता हात थांबला.
इसिक-कुल पाहिलंय मी, सहा वेळा,
बिश्केकच्या दवाखान्याला जाताना,
कोणाचं तरी तापलेलं डोकं मांडीवर
आणि काचेपलीकडे
बोटभर निळं.

नणंद म्हणाली, लोक काय म्हणतील?
म्हटलं, विचारून ठेव, आल्यावर ऐकते.
खरं तर हे मनातच म्हटलं.
तोंडाने म्हटलं, काराकोलला दात दाखवायचाय.
म्हणजे पहिलं पाऊलच खोटं पडलं.
पडू दे. पडलं तर खरं.

डोलोनच्या घाटात ड्रायव्हर पुन्हा सुरू:
"नवरा?"
वारला.
"मुलगा?"
मुलगी आहे. मॉस्कोत.
"मग भीती नाही वाटत?"
वाटते की.
पायाशी ठेवलीय बघ, पिशवीला टेकून.
तिचं वेगळं भाडं घेऊ नकोस म्हणजे झालं.
तो हसला. मग बालिकचीपर्यंत
त्याच्या बायकोबद्दलच बोलत राहिला,
तिलाही म्हणे कुठेतरी जायचं असतं,
कुठे, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

तामगात खोली मिळाली. दोन पलंग.
दुसऱ्यावर कोट निजवला.
झामीराला पत्ता कळवला, गाडीचा नंबरही,
दाराला आतून खुर्ची लावली.
भित्री म्हणा हवं तर;
हिशेबनीस बाई कुलूप दोनदा ओढून बघतेच.
तरी झोप आली नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
कोणाचं खोकणं ऐकू येत नव्हतं.

सकाळी मालकीण सायरागुल चहाची किटली ठेवून गेली,
सोबत जर्दाळूचा मुरंबा.
सवयीने किटली उचलली
आणि समोर पाहिलं: कोणाला ओतू?

आमच्याकडे पाहुण्याला अर्धीच पियाली देतात.
थोडं ओतायचं, तो पुन्हा मागेल,
पुन्हा ओतायचं, तेवढाच जास्त बसेल.
काठोकाठ भरून दिली
तर शहाण्याने ओळखावं:
झालं आता. ऊठ. नीघ.

किती अर्ध्या पियाल्या ओतल्या असतील मी!
चुलत्यांना, जावयांना, कारखान्याच्या तपासनीसांना.
स्वतःला शेवटी, थंड, उभ्याउभ्याने.

आज हळूहळू ओतत गेले.
अर्ध्यावर हात आपोआप थबकला,
जसा घोडा ओळखीच्या फाटकाशी थबकतो.
मग आणखी ओतलं. आणखी.
कडेवर येऊन चहा फुगला
आणि सांडला नाही.

बसूनच प्यायले.
मग बूट घातले.
ऑक्टोबरचा वारा, खडीचा उतार,
आणि खाली तळं,
या वेळी काच मध्ये नसलेलं,
बोटभर नाही, डोळा पुरेना.
काय करायचं असतं अशा वेळी, माहीत नव्हतं.
हात खिशात घातले.
पुन्हा काढले.

एवढ्यात नणंदेचा फोन.
"दात कसा आहे?"
पाण्याकडे बघत म्हटलं,
हललाय.