सुपातला

वैशाखात, भर दुपारी, भुसावळला कुणी कुणाकडे जात नाही.
मी जाते. डिक्कीत मॉर्फिनच्या गोळ्या, पट्ट्या, रजिस्टर
आणि एक कांदा, सासूबाईंच्या समाधानासाठी.

खडका रोडला निळं दार.
सुपडू झांबरे, कागदावर एकोणसत्तर, खरं वय कोण जाणे.
मुलगा दारातच अडवतो :
"सिस्टर, आप्पांपुढं रोगाचं नाव नका काढू. अल्सर सांगितलंय."
मग हळूच, "ह्या गोळ्यांची सवय तर नाही ना लागणार?"
सवय लागायला, हेमराज, वेळ लागतो.
हे मनात. तोंडानं : "नाही लागणार."

आत कूलर, वाळ्याचा वास,
चादरीवर केळीचं कोवळं पान.
पाठीला गार लागतं म्हणून सून पहाटे कापून आणते,
मधला दांडा तासून. तिला हे कुणी शिकवलं नाही.
मी त्यांना कुशीवर वळवते. जखम
कालच्यापेक्षा कमी लाल.
हाही एक निकालच.

हेमराज बाहेर गेला की म्हातारा डोळा उघडतो.
"चौतीस वर्सं यार्डात हातोडी घिसन हिंडलो, बाई.
चाकावर ठोकायचं, आयकायचं.
तडा गेलेलं चाक वाजत नाही, बोदं बोलतं.
अन् मले अल्सर सांगता?"
माझं मनगट धरून :
"पोराले सांगू नको. त्याले वाटतं मले माहीत नाही.
तेवढंच त्याले बरं वाटतं."

रजिस्टरात यासाठी रकाना नाही.

एकदा दुखणं उतरलेलं असताना नावाचं निघालं.
आधीची तीन गेली, चौथे हे.
आईनं सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं,
शेजारच्या गोदामायनं सव्वा रुपयाला विकत घेतलं
आणि लगेच आईच्याच ओटीत परत घातलं.
"मरन आलं आसंन, पाह्यलं आसंन, लोकाचं पोर,
गेलं मागच्या मागं."
हसताना खोकला आला. मी ओला बोळा ओठांवरून फिरवला.
"जात्यातले रडतात म्हने. मी आपला सत्तर वर्सं सुपातच."

बुधवारी जेवण सुटलं.
कोकिळाबाई दादरची भाकर दुधात कुस्करून बसलेल्या.
"काईच खात नाही व माय, मी काय करू?"
ताट राहू द्या, म्हटलं, हात ठेवा.
चारचौघांत नवऱ्याला हात लावायची सवय नाही.
आधी पायावर ठेवला. मग गुडघ्यावर.
कपाळापर्यंत पोचायला बराच वेळ गेला.

गुरुवारी रात्री अडीचला फोन :
"घरघर लागलीय. सिव्हिलला नेऊ?"
थांबा, आलेच.
मान एका कुशीला केली, जिभेखाली औषध दिलं, कूलर बंद केला.
हेमराजला म्हटलं, बोला त्यांच्याशी. ऐकू येत असतं.
काय बोलू, असं माझ्याकडे पाहिलं त्यानं.
यार्डात शंटिंग चाललेलं, डबे एकमेकांना धडकत होते.
मग तो वाकला.
"आप्पा, अल्सर नव्हता."

म्हाताऱ्याचं बोट हललं,
पलंगाच्या लोखंडी पट्टीवर एकदा वाजलं.
खणखणीत.

तेराव्यानंतर गेले तर कोकिळाबाई ओट्यावर.
"आता कशाले आली? गोळ्या तं सरल्या."
आणि पदराची गाठ सोडून मोजून दिल्या, नऊ.
लिहून घेतल्या. सही घेतली, अंगठ्याशेजारी नाव.
तुमच्यासाठीच आले, म्हटलं.
त्या काही बोलल्या नाहीत.
मांडीवरचं सूप थोडं माझ्याकडे सरकवलं,
"खडे पाह्य व माय. मले दिसत नाहीत."