जळका बुंधा

फाटकाला कुलूप आहे जूनच्या मध्यापर्यंत,
गाड्यांसाठी. पायांना मनाई नाही.
बाबा पिकअपमध्येच बसले, हीटर लावून,
दोन गुडघ्यांवर दोन हात ठेवून,
चावरी कुत्री दाबून धरावीत तसे.
"दुपारी वारा उलटतो," एवढंच म्हणाले.
मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून सांगतायत.

लाकूडतोडीची जुनी वाट. सावलीत अजून बर्फ,
मांडीपर्यंत, कुजका, पाय टाकला की गिळणारा.
उन्हाच्या वळणावर मात्र वितळत्या कडेला लागून
पिवळी लिली, मान खाली घातलेली,
शाळेत उशिरा पोचलेल्या पोरींसारखी.
गवताच्या टोकाटोकाला गोचिडी, हात पसरून.

हा डोंगर कुणाच्या नावावर नाही.
म्हणजे माझा आहे,
गिरणी बंद पडली त्या दिवशी डबा न उघडता
घरी परत आणणाऱ्या बाबांचा आहे,
आणि बोझमनहून कोरी दुर्बीण गळ्यात घालून
येईल त्याचाही. इलाज नाही.

तीन दिवस समोरचा उतार वाचतेय.
जळका बुंधा. जळका बुंधा. सावली.
जळका बुंधा.
मग त्यातला एक बुंधा चालायला लागतो.

अस्वल चरतं, हे कुणी सांगत नाही.
गाईसारखं, मान न उचलता, घास तोडत.
एवढी झोप झाल्यावर त्याला रक्त नको असतं,
हिरवं हवं असतं.

परीक्षेत विचारतात: खांद्यावर वशिंड आहे का,
कान केवढे, तोंड खोलगट की सरळ.
वशिंड नव्हतं. कान उभे. तोंड सरळ.
रंग दालचिनीचा, तरी जात काळ्या अस्वलाची;
ज्यानं नाव ठेवलं त्यानं एकच पाहिलं असणार.
उरला तो प्रश्न, ज्याला वेळ लागतो:
मागे पिल्लं आहेत का?
आई पिल्लांना झाडावर चढवून चरायला येते,
आणि त्या उतारावर झाडं तर चारशे.
पहिला दिवस त्यात गेला. दुसराही.

तिसऱ्या दिवशी खात्री पटली. नर. एकटा.
पिशवीवर रायफल टेकवली,
श्वास अर्धा सोडला,
आणि गोळी सुटली.
माझी नव्हे.

आवाज दरीत दोनदा फिरून आला.
अस्वल बसलं, जसं थकलेलं माणूस बसतं,
मग कलंडलं.

पलीकडच्या धारेवरून एक पोरगा उतरला,
एकोणीसचा असेल. कोल्बी. पहिलंच अस्वल.
सुरी हातात, आणि सुरुवात कुठून करायची ते माहीत नाही.
"तुम्ही याच्याच मागावर होता का?"
"नाही," मी म्हटलं, आणि बाह्या वर केल्या.

पुढचा पंजा सोलला की आतून हात निघतो.
बोटं, मनगट, सगळं.
कोल्बी पाणी प्यायला गेला, बाटली भरलेली असताना.
मी थांबले. माझ्या वेळी बाबाही थांबले होते,
बर्फ पायानं उगाच उकरत.

दोन खेपा झाल्या. अंधारात फाटक.
त्यानं एक मांडी आणि चरबीची पिशवी
माझ्या हातात कोंबली, आभार मानायला शब्द न सुचून.
बाबांनी काच खाली केली.
"कुणाचं?"
"एका पोराचं."
"वारा उलटला?"
"चार वाजता."
मान हलवली, जणू चार त्यांनीच ठरवले होते.

रात्रभर चरबी मंद आचेवर.
सकाळी बरणीत गोठली, पांढरीशुभ्र, बिनवासाची.
मी उठले तेव्हा ते स्वयंपाकघरात होते,
मांडीवर वर्तमानपत्र, बोटाला चिंधी,
बुटांना चरबी चोळत होते.
माझ्या नव्हे, स्वतःच्या.
चार वर्षांपूर्वी तळ बदललेला.
टाच अजून झिजलेली नाही.