क्लाय

तुर्भ्याच्या फळबाजारात
लाँगनच्या क्रेटवर बसून मी थाई शिकतो.
चंथाबुरीची नोई फोनवर म्हणते, 'क्लाय'.
मी म्हणतो, 'क्लाय'.
ती हसते. पुन्हा.

सपाट ठेवलं तर लांब.
वरून खाली सोडलं, पाठीवरच्या पोत्यासारखं,
तर जवळ.

परवा कंटेनर न्हावा-शेव्याला लागला,
मी कळवलं : जवळ आलाय.
तिला ऐकू गेलं : लांब.
बिचारी रात्रभर जहाज शोधत बसली.

'मा' म्हणजे ये. उंच धरलं की घोडा,
खालून वर चढवलं की कुत्रा.
किती वेळा काय म्हणालो असेन तिला, देव जाणे.

हिंदुराव माथाडी तंबाखू मळता मळता विचारतो,
एका शब्दाला किती उड्या रे?
पाच.
छ्या, म्हणतो. आपलं बरंय, सरळ.

रात्री कोपरखैरण्यात
ताटावर बसता बसता सांगतो,
रविवारीही गाळ्यावर जावं लागेल.
वैजयंता म्हणते, 'बरं.'

कालचं बरं नव्हे हे.
मध्ये जरा वाकलेलं,
शेवटी उंबऱ्याशी थबकलेलं.

घास हातात तसाच.
अकरा वर्षं झाली लग्नाला,
आणि मी कान देऊन बसलोय,
जवळ
की लांब?