अर्धं तिकीट

पत्रक चार ओळींचं होतं.
वर मराठी की कोकणी, यावर रात्रीचे दोन वाजले.
आवेलीन म्हणाला, रोमीत लिहू, नाहीतर साष्टीत कोण वाचणार?
शाबी गावस म्हणाला, मग सत्तरीत कोण वाचणार?
शारदिनी स्टेन्सिलवर टोचणी धरून बसलेली,
जांभई देत म्हणाली,
बसमध्ये चढताना सगळे एकाच भाषेत ढकलतात.
हे वाक्य पत्रकात घ्यायला हवं होतं.
कुणी घेतलं नाही. तिनेही नाही.

मागणी साधी : विद्यार्थ्याला अर्धं तिकीट.
अर्थशास्त्राचे सर फळ्यावर
मागणीची लवचिकता काढत होते
आणि खिडकीतून आमची मागणी आत येत होती,
अजिबात न वाकणारी.
सरांनी खडू ठेवला, खिडकी लावली.
मग काय वाटलं कोण जाणे,
अर्धी उघडली.

कँटीनमध्ये उधारी वाढली.
पातळभाजीत पाव बुडवता बुडवता
आम्ही सरकार पाडलं दोन-तीनदा.
मंत्री म्हणाले, पोरं आहेत, परीक्षा आली की थकतील.
आम्ही परीक्षेवरच बहिष्कार टाकला.
(मला त्या पेपरात बरे गुण पडले असते.)

एक गोष्ट मी कुठल्याच सभेत सांगितली नाही :
डिचोली-पणजी बसवर
माझे बाबा कंडक्टर होते.
बसचा मालक आधी भाटकार,
मग खाणवाला, मग बसवाला.
दुपारच्या फेरीला पैसे कमी भरले
तर बाबांच्या पगारातून जात.
आम्ही मागत होतो ते अर्धं
नेमकं कुणाच्या खिशातून येणार,
हा प्रश्न मी हात वर करून
सरांना विचारू शकलो असतो.
पण तास बंद होते. आम्हीच बंद पाडले होते.

बंदच्या दिवशी पर्वरीच्या चढणीवर
माझ्या हातात खळीची बादली होती.
फक्त बादली. हे मी अजून सांगतो,
कुणी विचारलेलं नसताना.
वर दुर्गेचं नाव लिहिलेली बस
दुसऱ्या गियरमध्ये कण्हत आली.
पुढची काच पडली तेव्हा
आवाज नाण्यांची पिशवी उलटावी तसा.
मग लाठ्या, मग पळापळ,
आवेलीनची एक चप्पल काजूच्या झाडाखाली,
आणि मी बादलीसकट धावत होतो,
टाकून द्यायचं सुचलंच नाही.

रात्री बाबा जेवायच्या आधी
पाटावर पिशवी रिकामी करून मोजायला बसले.
पंचवीस पैशांचे वेगळे, दहाचे वेगळे,
आणि काचांचे तुकडे वेगळे.
तुकड्यांचाही त्यांनी ढीग केला, नीट.
माझ्या हातावर खळ वाळून पांढरी झालेली.
त्यांनी पाहिलं.
"हात धुवून ये," म्हणाले, "आमटी निवता."
काचेचे पैसे तीन महिने कापले गेले.
तीन महिने आमच्याकडे बुधवारीही सुकी मासळी.

मागणी मान्य झाली.
आझाद मैदानावर आम्ही इतके ओरडलो
की शारदिनीचा आवाज आठवडाभर गेला.
पुढे ती म्हापशाच्या शाळेत शिकवायला लागली,
शाबी पंचायतीला उभा राहिला आणि पडला,
आवेलीन बोटीवर. नाताळात त्याचं कार्ड येतं,
रोमी कोकणीत. मी वाचतो. अडखळतो. वाचतो.

पासवरून पहिल्यांदा प्रवास केला
तो बाबांच्याच बसमधून.
मागून पुढे सरकत आले,
"तिकीट, तिकीट," करत,
माझ्यापाशी थांबले.
पास हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला,
उजेडाकडे धरला,
सगळी बस बघत होती.
"फोटो तुजो न्हय दिसता," म्हणाले
आणि अर्ध्या तिकिटाला पंच मारला.
मी पैसे दिले.
त्यांनी मोजून घेतले.