उणे पाऊण वाजता

अर्जाच्या पहिल्या रकान्यात नाव: ऋणाली पालशेतकर, वेलदूर.
दुसऱ्यात: काय बदलू इच्छिता?
तिथेच दोन तास अडून बसले.
बाहेर जेटीवर बर्फाचे खोके उतरत होते
आणि कुणीतरी कुणाच्या तरी आईवरून बोलत होतं.

बदलायचं तसं फार काही नाही.
जगभरची माणसं फुकट लिहितात, फुकट वाटतात
असं एक गणिताचं सॉफ्टवेअर आहे.
त्यात अपूर्णांक अपूर्णांकच राहतो,
पाऊण म्हणजे पाऊण,
शून्य पूर्णांक सात पाच नव्हे.
म्हणून ते मला घरातलं वाटलं.

तिथीची पाऊणकी करायची, भरतीची वेळ येते.
एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड,
चार पाऊण तीन:
चतुर्थीला तीन वाजता मचवा हलतो.
बाबा हे बोटांच्या पेरांवर करतात,
आठवीत गणितात नापास झालेला माणूस,
पाढे विचारले तर अजून चिडतो.

एका रात्री मी तेच यंत्राला शिकवत होते.
अवसेपासून मागे मोजलं: उणे एक तिथी,
म्हणजे उणे पाऊण.
बाराने भागून बाकी मागितली.
यायला हवी सव्वाअकरा.
आली उणे पाऊण,
दिली तशीच परत,
दुकानदार फाटकी नोट सरकवतो तशी.

उणे पाऊण वाजता कुठलाही समुद्र भरत नाही.

हे वाक्य मी अर्जात लिहिलं, मग खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.
खाली: तीन ओळींची दुरुस्ती, अकरा नव्या चाचण्या,
अपूर्णांकांच्या बाकीचं आख्खं प्रकरण
उन्हाळ्यात नीट लावून देईन.

उत्तर आलं हंगेरीहून, इल्दिको नावाच्या बाईचं.
तिच्या देशाला समुद्र नाही.
तिने सभ्यपणे विचारलं,
ऋण संख्येच्या बाकीचे दोन रिवाज आहेत,
तुझाच बरोबर कशावरून?
आणि पुढून मोजलं तर चौदा पाऊण साडेदहा होतात,
मागून सव्वाअकरा.
यातली तुमची भरती कुठली?

मी पाटाखालचा कागद काढून पुन्हा मांडलं.
साडेदहाच.
पंधरा तिथ्यांना बारा तास हवेत,
पाऊणकी देते सव्वाअकरा.
तिथीमागे तीन मिनिटं गळतात,
आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी बोललेलं नाही.

बाबा जाळ्याला शिसं लावत होते.
म्हटलं, तुमच्या हिशेबात पाऊण तास कमी पडतो.
वर न बघता म्हणाले,
"पाऊनकी तेरशीपातूर चालते.
म्होरं पान्याकडं बघायचा."

चौदसीला साडेदहाला मी जेटीवर गेले,
मोबाईलच्या उजेडात पायऱ्या मोजल्या.
चौथी बुडाली दहा चाळीसला.
पाचवी ओली झाली, बुडाली नाही.
मग बराच वेळ पाणी चढलं नाही, उतरलंही नाही.
दाभोळकडून शेवटची फेरी येऊन लागली,
तिच्या लाटेने माझी नोंद बिघडवली.
अकरा वाजून दहा मिनिटांनी
एक नारळ खाडीच्या तोंडाकडे निघाला
तेव्हा कळलं, की वळलं.
नेमकं कधी, ते नाही सांगता येणार.

इल्दिकोला लिहिलं:
रिवाज माझा धरा, कारण घड्याळात उणे वाजत नाहीत.
पण उदाहरणातून भरती काढून टाका,
घड्याळच ठेवा.
भरतीचा हिशेब मलाच अजून येत नाही.
तिचं एका ओळीचं उत्तर:
भरती राहू दे. खाली टीप दे.

मग टीप दिली. माहीत असलेल्या त्रुटी, क्रमांक एक:
हे सूत्र तेरशीपर्यंत चालतं.
पुढे पाण्याकडे बघावे.
स्रोत म्हणून बाबांचं नाव घातलं,
त्यांना अजून सांगितलेलं नाही.

शेवटचा रकाना उरला होता:
रोज किती वेळ देऊ शकाल?
सहा तास, मी लिहिलं.
मचवा लागतो तेव्हाचे सोडून.