पुढे चाल

फळा आमचा नाही. खालच्या वाइन कारखान्याचा,
आठवड्यापुरता उसना आणलेला.
मी त्सिआला. चौतीस वर्षं तेलावीच्या शाळेत गणित शिकवलं,
म्हणून क्लबने खडू माझ्याच हातात दिला:
डावीकडे बत्तीस नावं, मग सोळा, मग आठ,
चार, दोन,
आणि अगदी उजव्या कडेला एक चौकट
जी दरवर्षी माझ्याकडून लहानच निघते.

मंगळवारी संध्याकाळी सोळा बॅगा भरलेल्या असतात.
पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दीडशे डॉलर;
त्यातच हॉटेल, त्यातच रॅकेटच्या तारा,
त्यातच तिबिलिसीपर्यंतची मिनीबस.

आमचा बाचो, नुगझारचा मुलगा, सतरा वर्षांचा,
वाइल्ड कार्डवर उतरला.
शून्य-सहा, एक-सहा.
नुगझार मळ्यातून तसाच आला, हाताला द्राक्षांचा चिकट रस,
फळ्यापुढे उभा राहिला, म्हणाला,
"बाई, तो एक जरा ठळक काढा ना."
मी काढला.

बुधवारी भुरभुर होती. तीन सामने एकदम संपले.
चेंडू वेचणारा पोरगा भिजलेल्या चिठ्ठ्या घेऊन धावत आला.
क्रेस्लिन्श, बारियेन्तोस,
तीन-सहा, सात-सहा, चार-सहा.
चष्मा ओला. आकडे मी उलटे वाचले,
आणि आठांच्या रकान्यात
क्रेस्लिन्शला पुढे चाल दिली.

थोड्या वेळाने तो स्वतः आला.
लाटवियातला, एकोणतिशीचा, गुडघ्याला पट्टी,
क्रमवारीत नऊशेच्या आसपास कुठेतरी.
माझ्या अक्षराला आमच्या लिपीची वेटोळी सवय,
त्यामुळे आधी त्याला आपलं नाव ओळखूच आलं नाही.
मग आलं.
टोपी काढली. परत घातली.
मला वाटलं, जिंकल्याचं अजून पचत नाहीये.
त्याने फोन काढून फोटो घेतला,
मला मान लववून नमस्कार केला
आणि लाल माती बुटांवरून न झटकताच निघून गेला.

रात्री नऊला पर्यवेक्षकाचा फोन.
विजेरी आणि ओलं फडकं घेऊन मी परत गेले.
खडू पुसला जातो.
हात दाबून लिहिलेलं पुसलं जात नाही;
बारियेन्तोसच्या मागे तो राहिलाच,
पाणी प्यायलेल्या लाकडात.

पहाटेच्या बसने क्रेस्लिन्श गेला होता.
फोटो कुणाला पाठवला असेल?
आईला, बायकोला,
की ज्याचे पैसे देणं आहे अशा कुणाला?
एवढी वर्षं पोरांच्या वह्यांत लाल शाईने चुका दाखवल्या.
माझी चूक एकाने पाहिली
आणि झाकून खिशात घालून नेली.

रविवारी अंतिम सामना. डोंगरांवर नवा बर्फ,
माणसं पन्नासेक, त्यातली निम्मी आमच्या क्लबची.
हावर्लांतने पहिला सेट सात-पाच घेतला,
दुसऱ्यात तीन-शून्य असताना बारियेन्तोसची पाठ धरली.
तो जाळीपाशी गेला, हात पुढे केला.
लोकांना कळेना, टाळ्या आता वाजवायच्या की थांबायचं.
हावर्लांतने चषक
शेजाऱ्याचं मूल धरावं तसा धरला.
चौकटीत त्याचं नाव मावलं नाही,
शेवटचं अक्षर बाहेर लोंबकळत राहिलं.

सोमवारी कारखान्याचा ट्रक आला. फळा धुतला, नेला,
आणि हंगामापुरती त्याच्यासोबत मलाही.
आता नावं सगळी ओळखीची, पुढे किलो, पुढे साखर.
नुगझार, चारशे बारा, तेवीस.
मागे बाचो टोपल्या उतरवतोय.
दुपारचं ऊन तिरपं झालं
की चारशे बाराच्या खाली अजून वाचता येतो
क्रेस्लिन्श, शेवटच्या आठात.

"बाई, आकडा नीट बघून लिहा हं," नुगझार म्हणतो.
चष्मा पुसून
मी दोनदा बघते.