पोटखराब

पारोळा सोडल्यावर, अमळनेरच्या वाटेवर,
बोरीच्या काठी दादर काढून मोकळं झालेलं वावर.
मी मोजणीला गेले, पुतण्याच्या अर्जावरून.
नोटिसा बजावलेल्या, चुना, खुंट, यंत्र, सगळं जागेवर.
आणि उगवतीच्या कोपऱ्यात
नदीतले गोटे मांडून केलेला
हा गोल.
आत फिरत गेलेली एका माणसाच्या रुंदीची वाट.

सुपडू आप्पा म्हणाले, चप्पल काढा नि चालीसन देखा.
मी म्हटलं, हरवले तर?
"आठे चुकाले जागाच नही, ताई."

छत्तीस वर्षं भुसावळच्या यार्डात सांधेवाला.
रात्रभर खटके ओढायचे,
ही मालगाडी नागपूरकडे, ही खंडव्याकडे,
एक खटका चुकला तर
(पुढचं ते सांगत नाहीत).
रिटायर झाले, आणि इथे
एकही सांधा नसलेली वाट घातली.

मी मोजणारी बाई, पाय मोजतच निघाले.
तोंडापासून मध्यापर्यंत टेप ताणली तर सहा मीटर,
वाट मात्र दीडशेच्या घरात.
एवढा फरक आमच्या खात्यात कुणी खपवून घेत नाही.

पहिल्या वळणाला वाटलं, आलाच मध्य.
वाटेने मला पार कडेला नेलं,
जिथून यंत्राची तिपाई दिसते
आणि बांधावर मोबाईलमध्ये बोलणारा पुतण्या.
मग पुन्हा आत. मध्याला खेटून एक अख्खा फेरा,
हात लांबवला तर लागेल इतका जवळ.
तिथूनही बाहेर.
राग आला. गोट्यांचा, आप्पांचा,
आणखी कुणाचा तरी, ज्याचं नाव मी घेत नाही.
घोट्याएवढे तर दगड. ओलांडले असते तर कोण बघणार होतं?
नाही ओलांडले.

समोरून आप्पा, परत निघालेले.
दोघं आडवे झालो, पोटं आत ओढली, हसलो.
तेवढ्यात विचारलं, हा नकाशा कुठला?
"माय सुईण व्हती. थाळीवर कुंकूनं हाई काढे,
अडेल बाईले धुईसन पाजे.
पोरले वाट दखाये."
आणि ते पुढे गेले, म्हणजे बाहेर.

मध्यात काही नव्हतं.
दबलेली माती, टाचांचे खळगे,
दादरचा एक दाणा ओढणाऱ्या दोन मुंग्या.
बसले. किती वेळ, त्याची नोंद नाही.
वारा अमळनेरकडचा होता, रेल्वेची शिट्टी आली,
आणि लांब उभ्या आप्पांचा उजवा हात
खटका ओढावा तसा
किंचित मागे गेला.

येताना तीच वाट.
डावीकडचे गोटे उजवीकडे, एवढंच.

नकाशावर या गोलाला काय लिहायचं?
रस्ता म्हणावा तर पलीकडे निघत नाही.
देऊळ म्हणावं तर देव नाही.
पीक नाही, विहीर नाही, खळंही नाही.
पेन बराच वेळ हवेत,
मग लिहिलं: पोटखराब, एक आर.

पुतण्याने वाचलं, मान हलवली.
आप्पांना चष्मा सापडेना, मी वाचून दाखवलं.
"पोट लिखं ना?" ते म्हणाले,
"मंग बराबर शे."

चप्पल शोधली. एक जागेवर होती.
दुसरी कुत्र्याने खुंटापलीकडे नेलेली,
पुतण्याच्या हिश्शात.